नावे आणि नाती : ‘तीसरी कसम’मधील प्रियाराधन

प्रियाराधन या शब्दाने मराठी वाचकाच्या मनापुढे जे चित्र उभे राहते ते बहुतांशी सुशिक्षित, मध्यमवर्गीय प्रेमकथेचे असते. त्यात दोघांना एकमेकांस भेटावयास सवड असते, पत्रे लिहिण्याची सोय असते, आणि मनातील भाव बोलून दाखविण्यास लागणारी भाषाही दोघांपाशी तयार असते. विरोध यावयाचा तो वडीलधाऱ्यांकडून, जातीकडून किंवा दारिद्र्याकडून, आणि तो बाहेरून यावयाचा. प्रादेशिक कथेत हा साचा फारसा उपयोगी पडत नाही. जेथे लग्न बालपणीच उरकलेले असते आणि प्रौढ वयात परक्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी बोलावयाचे तर त्याला काही निमित्त लागते, तेथे प्रियाराधन घडते तरी कसे, कोणत्या शब्दांत घडते, आणि समाजाचा धाक त्यात कोठून शिरतो, हे प्रश्न प्रत्येक कथेपुरते नव्याने विचारावे लागतात. फणीश्वरनाथ रेणू (१९२१–१९७७) यांची ‘तीसरी कसम, अर्थात् मारे गये गुलफाम’ ही हिंदी कथा या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगी आहे. १९५९ मधील ‘ठुमरी’ या संग्रहात ती समाविष्ट झाली आणि १९६६ मधील चित्रपटामुळे तिचे कथानक हिंदी न वाचणाऱ्यांनाही ठाऊक झाले. या प्रसिद्धीने कथेचे थोडे नुकसानही केले आहे, हे पुढे दिसेल.

कथानक थोडक्यात सांगता येते. पूर्णिया भागातला हिरामन हा चाळिशीचा गाडीवान. वीस वर्षे तो बैलगाडी हाकीत आला आहे. नेपाळच्या मोरंगमधून चोरटे धान्य आणि लाकूड त्याने वाहिले आहे, कंट्रोलच्या काळात जोगबनी-विराटनगर मार्गावर सिमेंट आणि कापडाचे गठ्ठे वाहिले आहेत. एकदा पोलिसांनी गाड्यांचा तांडा पकडला तेव्हा गाडी तेथेच टाकून, बैल सोडून तो रातोरात जंगलातून पळाला. चोरबाजारीचा माल लादावयाचा नाही, ही पहिली शपथ. पुढे बांबू लादलेली गाडी एका बग्गीला धडकली आणि बग्गीवाल्याचे फटके खावे लागले. बांबू लादावयाचे नाहीत, ही दुसरी. आता त्याच्या नव्या, छपराच्या गाडीत चंपानगरच्या जत्रेतून एक बाई बसली आहे. नौटंकीत लैलेचे काम करणारी हिराबाई मथुरामोहन कंपनी सोडून फारबिसगंजच्या जत्रेत रौता कंपनीत दाखल होण्यास निघाली आहे. वाटेतला सहवास, जत्रेतले दहा दिवस, आणि मग हिराबाईचे आपल्या जुन्या कंपनीत परत जाणे एवढाच घटनाक्रम. शेवटी रेल्वे निघून जाते आणि हिरामन रिकामी गाडी घेऊन गावच्या वाटेला लागतो.

या कथेचे रूढ वाचन असे, की भोळा खेडूत नाटकवालीच्या मोहात पडला आणि होरपळून निघाला. कथेचे उपशीर्षक या वाचनाला हातभार लावते असे वाटते. दुसरे वाचन थोडे उदार आहे. त्याच्या मते दोन निर्मळ जीवांना निष्ठुर समाजाने एकत्र येऊ दिले नाही. पहिले वाचन हिराबाईवर अन्याय करते आणि दुसरे कथेवर. कारण ‘समाजाने एकत्र येऊ दिले नाही’ असे म्हणावयाचे तर तसे करणारा कोणी तरी कथेत दाखवावा लागेल. आणि कथेत तसा कोणीही नाही. पंचायत बसत नाही, भाऊ काठी घेऊन धावत नाही, कंपनीचा मालक अडवून धरीत नाही. हिराबाईवर डोळा ठेवणारा धनाढ्य जमीनदार चित्रपटात आहे; मूळ कथेत तो नाही. चित्रपटाचे संवाद स्वतः रेणूंनीच लिहिलेले असूनही ही भर घालावी लागली, ही बाब बोलकी आहे. पडद्याला डोळ्यांना दिसणारा अडसर हवा असतो. कथेला तो नको होता, कारण तिच्यातला अडसर माणसाच्या रूपाने येतच नाही. तो शब्दांच्या रूपाने येतो. बाईला कोणत्या नावाने हाक मारावयाची, तिची ओळख दुसऱ्याला काय सांगावयाची, आणि इतरांनी तिला दिलेले नाव कानी आले की काय करावयाचे, या तीन गोष्टींभोवती ही कथा फिरते. प्रियाराधन आणि समाजाची अपेक्षा ही दोन्ही येथे एकाच ठिकाणी, नामकरणात, वावरतात.

हिरामनला विवाहाचा अनुभव नाही असे नाही. विवाह झाला होता, अनुभव तेवढा राहून गेला. बालपणी लग्न झाले आणि गौना होऊन बायको नांदावयास येण्यापूर्वीच ती वारली. दुसरे लग्न झाले नाही, त्याचे मुख्य कारण भावजय. ती हट्टाला पेटली आहे, की दिराचे लग्न करावयाचे तर कोवळ्या वयाच्या कुमारिकेशीच. कुमारिका म्हणजे पाचसात वर्षांची मुलगी. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाची किमान वयोमर्यादा १४ वर्षे ठरविली होती. पण या अंगणात त्या कायद्याला कोण विचारतो, असा सूर रेणू अगदी सहज, जाता जाता लावतात. घरात सत्ता भावजयीची, भावाचेही तिच्यापुढे चालत नाही. अखेर हिरामनने स्वतःच मनाशी ठरवून टाकले आहे, की लग्नाची कटकट नको. लग्न केले तर गाडीवानी सुटेल, आणि बाकी सारे सुटले तरी चालेल, गाडीवानी सुटता कामा नये.

हा तपशील विनोदी अंगाने येतो, म्हणून वाचक त्यावरून घसरून पुढे जातो. वास्तविक कथेची सारी सामाजिक पायाभरणी येथे झालेली आहे. चाळिशीच्या पुरुषाला पाचसात वर्षांची मुलगी योग्य मानणाऱ्या व्यवस्थेत स्त्रीपुरुषांच्या बरोबरीच्या भेटीला जागाच नसते. तेथे लग्न आधी होते आणि ओळख मागाहून, तीही झाली तर. प्रियाराधन या गोष्टीचा हिरामनच्या जगात कोणताही विधी ठरलेला नाही, त्याला नाव नाही, त्याची बोली नाही. म्हणून जे घडते ते त्याच्या मनात प्रथम शब्दांत उतरत नाही, शरीरात उतरते. गाडीत बाई बसल्यापासून त्याच्या पाठीत गुदगुल्या होतात, चाफ्याच्या फुलाचा वास दरवळत राहतो. अनामिक भावनेला देहाच्या खुणांनी व्यक्त करण्याची ही रीत रेणूंची खास रीत होय, आणि येथे ती अलंकार म्हणून आलेली नाही.

आणखी एक तपशील असाच महत्त्वाचा. हिराबाईचे नाव साऱ्या मुलखात गाजलेले आहे. पण वर्षानुवर्षे जत्रांची भाडी मारूनही हिरामनने कधी नौटंकी, थिएटर किंवा बायस्कोप पाहिलेला नाही. तिचे नाव त्याच्या कानावरूनही गेलेले नाही. अर्थात समाजाने तिच्यावर जो शिक्का मारलेला आहे तो वाचण्याची त्याला सोय नाही. अंधारात प्रथम त्याला शंका येते ती हडळीची, मग चांदण्यात चेहरा दिसतो तेव्हा ती परी ठरते. हडळ आणि परी या दोन्ही माणसांच्या जगाबाहेरच्या. बाई म्हणून तिला कोठे बसवावे याचा निर्णय त्याला मुळापासून करावा लागतो, आणि तो निर्णय करण्याची धडपड म्हणजेच पुढचा प्रवास.

या निर्णयात पहिले पाऊल हिराबाई टाकते. आरंभी ती त्याला ‘भैया’ म्हणते. परक्या पुरुषाशी निर्धास्तपणे बोलण्यासाठी आपल्याकडेही बायका ‘दादा’, ‘भाऊ’ म्हणतात तसेच हे आहे. नात्याचे कुंपण घातले की बोलण्याला मोकळीक मिळते. पण त्याचे नाव हिरामन आणि आपले हिरा, हे कळल्यावर ती ते कुंपण स्वतःच काढून घेते आणि त्याला ‘मीता’ म्हणू लागते. नामसाम्यावरून जुळणारे हे मैत्रीचे नाते पुरुषापुरुषांत रूढ. तिने ते स्त्रीपुरुषांत आणले. हिरामनलाही ते खटकते. पुरुषाच्या आणि बाईच्या नावात फरक असतो, असे तो म्हणून पाहतो. पण एकदा ‘मीता’ हा शब्द उच्चारला गेल्यावर ‘भैया’कडे परत जाता येत नाही. कथेत प्रेमाचा उच्चार म्हणून काही असेल तर तो हाच. आणि तो पुरुषाने केलेला नाही.

हिरामनची अडचण निराळी आहे. तिच्याशी बोलावे कोणत्या भाषेत? कचेरीतल्या हिंदीत दोनचार प्रश्नोत्तरे निभावता येतात, मन मोकळे करावयाचे तर गावची बोलीच हवी, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आदराने बोलावे की सलगीने, हाही घोळ आहेच. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यामध्ये अशीच त्रेधा उडते, म्हणून मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. ती समजेल, परंतु दुसरी एक गोष्ट मात्र त्याच्या हातून निसटण्याचा संभव आहे. मराठीत नावापुढे ‘बाई’ लागली की आदर होतो. सावित्रीबाई, अहिल्याबाई, हिराबाई ही नावे मराठी कानाला घरंदाज वाटतात. उत्तरेकडे गाणाऱ्यानाचणाऱ्या स्त्रीच्या नावापुढचे ‘बाई’ हे तिच्या धंद्याची खूण होते, आणि कुलीन स्त्रीच्या नावापुढे ‘देवी’ येते. ‘हिराबाई’ या नावातच गावाचा न्यायनिवाडा होऊन गेलेला आहे. कथेच्या शेवटी हिरामनच्या मनातून जी नावे जातात त्यांत ‘हीरादेवी’ आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या एका प्रत्ययाच्या बदलात किती साठले आहे ते कळते.

आता वाटेवरचे प्रसंग पाहावेत. प्रस्तुत कथेचे मर्म तेथे आहे. बैलगाडीची वाट ही गावांमधून जाते, आणि गावकऱ्यांना चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. पडदा लावलेल्या गाडीत कोण आहे, कोठून आलात, कोठे चाललात? समाज या कथेत अशा प्रश्नांच्या रूपाने भेटतो. साधेच, बिनविषारी प्रश्न, वाटसरूने वाटसरूला विचारावेत असे. हिरामन प्रत्येक वेळी खोटे बोलतो. एकाला सांगतो की गाडीत ‘बिदागी’ आहे, म्हणजे माहेरी किंवा सासरी निघालेली मुलगी. आणि गावाचे नाव म्हणून छत्तापुर-पचीरा असे काहीतरी ठोकून देतो. हे गाव कोठे आहे, असे हिराबाई विचारते तेव्हा तो हसून टाळतो. आणखी कोणाला तो सांगतो की सिरपूर बाजारच्या इस्पितळातली ‘डागडरनी’ रोगी पाहावयास निघाली आहे.

ही उत्तरे केवळ लपवालपवी नव्हे. ती देताना हिरामन हिराबाईसाठी समाजात एकेक जागा शोधतो आहे. बिदागी ही कोणाची तरी लेक किंवा सून असते. तिच्याकडे कोणी वाकडा डोळा करीत नाही. डॉक्टरीण ही एकटी प्रवास करणारी, स्वतःच्या कमाईवर जगणारी, तरीही मान मिळविणारी स्त्री. त्या काळच्या खेड्याला एकट्या स्त्रीची ठाऊक असलेली ही जवळजवळ एकमेव प्रतिष्ठित आवृत्ती. हिराबाईच्या खऱ्या आयुष्याशी ती किती जवळची आहे हे पाहावे! तीही एकटी प्रवास करते, तीही कमावते. फरक आहे तो गावाच्या नजरेचा. हिरामनला तिच्याशी प्रेमाचे चार शब्द बोलता येत नाहीत; पण तिच्याविषयी तो इतरांशी जे खोटे बोलतो त्यातून त्याचे मन पडद्याआड बसलेल्या तिला ऐकू येते. ती हे सारे ऐकते आहे, हे विसरता कामा नये. हे प्रियाराधन तिसऱ्याला उद्देशून चाललेले आहे. याहून अधिक आडवळणाचे आणि याहून अधिक सभ्य प्रियाराधन आधुनिक भारतीय कथेत क्वचितच सापडेल.

तेगछिया गावची पोरे पडद्याची गाडी पाहतात आणि टाळ्या पिटीत नव्या नवरीचे गाणे म्हणत गाडीमागे धावतात. हिरामनने हे स्वप्न मनाशी अनेकदा रंगविले आहे. आपण नवरी घेऊन परततो आहोत, गावोगावची माणसे पाहताहेत, असे. येथे प्रथमच समाज त्याला हवे ते नाव आपण होऊन देतो. मात्र ते देणारी पोरे आहेत, आणि पडद्यामागे कोण आहे हे त्यांना माहीत नाही. समाजाची संमती मिळावयाची तर अज्ञानातून आणि बालकांच्या तोंडून. याहून अधिक भाष्य रेणू करीत नाहीत. करण्याची गरजही नव्हती.

वाट संपून जत्रा सुरू होते आणि नामकरणाचा अधिकार हिरामनच्या हातून जातो. फारबिसगंजला त्याचे गाववाले भेटतात. लालमोहर, धुन्नीराम, पलटदास. पैकी कीर्तनिया पलटदासाची गंमत पाहण्याजोगी आहे. त्याला हिराबाईच्या ठायी साक्षात जानकी दिसते, तो भक्तिभावाने तिचे पाय चेपावयास पुढे होतो आणि तिच्या रागाचा धनी होतो. हा प्रसंग हास्यकारक खरा, पण त्यातला इशारा गंभीर आहे. तिला देवी करणेही तिला नको आहे. देवी म्हणणे आणि वेश्या म्हणणे या दोन्हींत माणूस म्हणून तिची दखल घेतलेली नसते. ‘मीता’ या शब्दात ती होती.

हिराबाईने दिलेले पास घेऊन ही मंडळी आठ आण्यांच्या वर्गात खेळ पाहावयास बसतात. त्यापूर्वी आपसांत करार होतो, की ही गोष्ट गावात पाखरालाही कळता कामा नये. भावजयीचा धाक पंचवीस कोसांवरूनही चालतो तो असा. कोणी धमकी दिलेली नसते, कोणी पाहत नसते. तरी चार प्रौढ पुरुष शाळकरी मुलांसारखे आणाभाका घेतात. मग तंबूत कोणी तरी हिराबाईचा उल्लेख बाजारू बाई म्हणून करतो आणि मारामारी जुंपते. हिरामन आणि त्याचे साथी त्या एका शब्दासाठी भांडतात. पण शब्द मारामारीने पुसला जात नाही. तो पुन्हा पुन्हा कानी येतो, आणि आता हिरामनला वाचता येऊ लागते ते सारे, जे प्रवासात त्याला वाचता येत नव्हते.

त्यावर त्याला सुचलेला उपाय कथेतील सर्वांत मर्मभेदक तपशील म्हणावा लागेल, आणि समीक्षकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. हिराबाईने नौटंकी सोडावी, असे त्याला वाटते. सोडून काय करावे? लग्न, घर, संसार ही कल्पना त्याच्या मनाच्या उंबऱ्याशी येऊन थबकते. तिने सर्कशीत का काम करू नये, असे त्याच्या मनात येते. सर्कशीत वाघ असतात. वाघाजवळ असलेल्या बाईच्या वाटेला जाण्याची कोणाची छाती होणार? पूर्वी त्याने स्वतः सर्कशीचा वाघ गाडीतून वाहिलेला आहे, म्हणून ही कल्पना त्याला परकी नाही. वाचकाला हसू येते आणि मग ते हसू विरते. आपल्या प्रेयसीला अब्रूने जगता यावे म्हणून या माणसाला जगात सापडलेली एकमेव सुरक्षित जागा म्हणजे वाघाचा पिंजरा. स्वतःचे अंगण त्याला सुचत नाही, कारण त्या अंगणात भावजय आहे, आणि भावजयीच्या मुखाने बोलणारी व्यवस्था त्याच्या मनातही आहे. समाजाची अपेक्षा हिरामनच्या विरुद्ध उभी आहे असे म्हणणे अपुरे होय. ती त्याच्या कल्पनाशक्तीच्या सीमा आखून देते.

हिराबाईच्या बाजूने पाहिले तर कथेत एक उणीव जाणवते, ती सांगितली पाहिजे. रेणूंचा कथनकार हिरामनच्या मनात मुक्तपणे वावरतो, त्याच्या बोलीत बोलतो, त्याच्या पाठीतल्या गुदगुल्या मोजतो. हिराबाईच्या मनात तो क्वचितच डोकावतो. ती का जाते, याचे तिच्या तोंडचे कारण एवढेच, की मथुरामोहन कंपनी ही आपल्या मुलखाची कंपनी आहे. याखेरीज जे काही सांगावयाचे ते ती महुआ घटवारिनच्या कथेच्या आडून सांगते. ही लोककथा हिरामननेच तिला वाटेत गाऊन सांगितलेली. सावत्र आईने सौदागराला विकलेली घाटावरची मुलगी महुआ नावेतून नदीत उडी घेते. तिच्यावर जीव जडलेला सौदागराचा नोकर तिच्यामागोमाग पोहत जातो, आपण धरावयास आलेलो नाही, सोबती आहोत, असे ओरडून सांगतो. पण ती पुढे पुढे पोहतच राहते. ही कथा सांगताना हिरामन दर वेळी स्वतःला त्या नोकराच्या जागी पाहतो. स्टेशनावर निरोप घेताना हिराबाई त्याला ‘गुरुजी’ म्हणून त्याच कथेची आठवण देते आणि सांगते, की महुआला सौदागराने विकत घेतले आहे.

हे उत्तर तपासून पाहावे. अक्षरशः घेतले तर ते खरे नाही. हिराबाईला कोणीही विकत घेतलेले नाही. तिने एक कंपनी सोडली, दुसरीत गेली, तीही सोडून पहिलीत परतली. आणि यांतला प्रत्येक निर्णय तिचा स्वतःचा आहे. कथेतील सर्व पात्रांत स्वतःच्या इच्छेने हिंडणारी आणि काम बदलणारी तीच एक. मग विकले गेल्याची भाषा ती का वापरते? याचे एक उत्तर असे, की नकार देण्यासाठी तिच्यापाशी दुसरी भाषा नव्हती. ‘तुझ्या घरात मला जागा नाही आणि तुला ती करता येणार नाही, हे मला दिसते आहे’ असे सांगणे म्हणजे हिरामनला त्याच्या दुबळेपणाची ओळख करून देणे. ते तिने टाळले. त्याच्याच गोष्टीतले शब्द उचलून तिने स्वतःकडे असहायता घेतली आणि त्याच्याकडे सोबत्याची जागा राहू दिली. या दृष्टीने पाहता तिचे उत्तर म्हणजे मायेने रचलेले एक असत्य होय, हिरामनच्या बिदागीसारखेच. त्याने लोकांशी खोटे बोलून तिला प्रतिष्ठा दिली. तिने त्याच्याशी खोटे बोलून त्याची प्रतिष्ठा राखली. असे असले तरी लेखकाने तिच्या मनाचे दार थोडे अधिक उघडले असते तर ही देवघेव अधिक समतोल झाली असती, हा आक्षेप शिल्लक राहतोच. स्त्रीच्या निर्णयाचे कारण पुरुषाच्या गोष्टीतून उसने घ्यावे लागणे ही केवळ हिराबाईची अडचण नाही. ती काही अंशी रेणूंचीही आहे.

स्टेशनावरच्या प्रसंगात पैशाचा व्यवहार दोनदा येतो. जत्रेत खिसेकापूंची भीती म्हणून हिरामनने आपल्या कमाईची थैली हिराबाईजवळ ठेवावयास दिली होती. वरवर पाहता सावधगिरीची गोष्ट. पण कष्टाची कमाई पुरुष कोणाच्या हाती ठेवतो? घरच्या बाईच्या. शब्दांत जे त्याला कधीच म्हणता आले नाही ते त्याने थैलीच्या रूपाने केले होते, आणि त्या मूक व्यवहाराला त्याच्या मनानेही नाव दिले नसावे. आता ती थैली परत येते. वर हिराबाई स्वतःजवळचे पैसे काढून उबदार चादर घेण्यास सांगते. हिरामन उसळतो, सारखे पैसे, पैसे काय, असे म्हणतो. भाडे आणि बक्षीस मिळाले होते त्या वेळीही तो असाच दुखावला होता. एका पैशाने नाते जोडले होते, दुसऱ्याने ते पुन्हा भाडेकरू आणि गाडीवान यांच्यावर आणून ठेवले.

मराठी वाचकाला येथे आपल्याकडच्या तमाशाप्रधान कथानकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७२ च्या ‘पिंजरा’ या चित्रपटात नाचणारीच्या सहवासाने आदर्श शिक्षकाचा अधःपात होतो. फडावरची बाई आणि सज्जन पुरुष यांची गाठ पडली की पुरुषाचे पतन व्हावयाचे, हा ठरीव क्रम. रेणूंच्या उपशीर्षकाने अशीच अपेक्षा मुद्दाम जागी केलेली आहे. गुलफाम हा अमानतच्या ‘इंदरसभा’ या एकोणिसाव्या शतकातील उर्दू संगीतिकेतला राजपुत्र. इंद्राच्या दरबारातली परी त्याच्यावर अनुरक्त होते, त्याबद्दल तिचे पंख छाटले जातात, त्याला विहिरीत टाकले जाते, आणि शेवटी जोगिणीच्या वेषात गाऊन ती त्याला सोडवून आणते. दरबारात नाचणारी परी आणि मर्त्य पुरुष ही जोडी तीच आहे. पण रेणूंच्या कथेत इंद्र नाही, शिक्षा नाही, सुटकाही नाही. अधःपातही नाही. हिरामन दारू पीत नाही, गाडी विकत नाही, त्याचे काहीच बिघडत नाही. त्याचे हे काहीच न बिघडणे असह्य वाटावे, अशी कथेची रचना आहे. लालमोहर जत्रेत आणखी भाडे कमावण्यास मागे थांबतो. जगाचा व्यवहार पूर्ववत चालू राहतो.

राहता राहिली तिसरी शपथ. पहिल्या दोन शपथा मार खाल्ल्यावर, पळ काढल्यावर घेतलेल्या. त्यांमागे पोलीस होता, बग्गीवाला होता. तिसरीमागे मारणारा कोणी नाही. आणि शपथेची भाषा पाहावी. कंपनीच्या बाईची भरती गाडीत पुन्हा करावयाची नाही, अशी ती आहे. चोरटा माल, बांबू, आणि आता बाई. परी, देवी, मीता, हीरादेवी, महुआ या साऱ्या नावांची वाट चालून आल्यावर हिरामनच्या हाती अखेर उरतो तो गाडीवानाच्या धंद्यातला शब्द, माल लादण्याचा. तंबूत ज्या शब्दासाठी तो भांडला त्याच्या फार दूर हा शब्द नाही. ‘कंपनीची बाई’ हे नाव त्याने प्रथमच, आणि समाजाच्याच अर्थाने, स्वीकारलेले दिसते.

मात्र येथे रेणूंनी एक लहानसे क्रियाविशेषण योजिले आहे, आणि सारा निवाडा त्याने अधांतरी ठेवला आहे. हिरामनचे ओठ हलताहेत. बहुधा तो तिसरी शपथ घेत असावा, अशा आशयाचे कथनकाराचे शब्द आहेत. चाळीस वर्षांच्या या माणसाच्या मनात आतापर्यंत बेधडक शिरणारा कथनकार नेमक्या या क्षणी बाहेर उभा राहतो आणि अंदाज करतो. शपथ घेतली की नाही हे कथा सांगत नाही. तिचे शीर्षक ज्या शपथेवरून आले ती शपथ कथेत निश्चितपणे उच्चारली गेलेलीच नाही. इतकेच कळते, की बैल मागे वळून रेल्वेच्या रुळांकडे पाहत होते, म्हणून हिरामन त्यांच्यावर खेकसला.